मैदानावरचे प्रश्न : फॉरवर्डला कोचिंग जमतं का?

प्रश्न : सर, मी २९ वर्षांचा आहे. मुंबईत आधी एका कंपनीच्या संघाकडून आणि मग क्लबकडून करारावर फुटबॉल खेळलो, फॉरवर्ड म्हणून. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. त्यानंतरही खेळलो, पण पहिल्या पाच पावलांचा वेग परत आला नाही. आता नाशिकच्या एका कॉलेजने मानधनावर कोच म्हणून बोलावलंय. मित्र म्हणतात, अजून दोन सीझन खेळ. काय करू? गोल करणाऱ्याला कोचिंग जमतं का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : कॉलेजचं काम घे. मीही फॉरवर्डच होतो आणि करार संपल्यावर कॉलेजच्याच मैदानावर आलो, म्हणून स्पष्ट सांगतो. फॉरवर्डची भाकरी त्या पहिल्या पाच पावलांवर असते. ती गेली असं तू स्वतःच लिहितोस, मग मित्रांचं कशाला ऐकतोस?

जमतं का, याचं उत्तर भारताचे नावाजलेले फॉरवर्ड पी. के. बॅनर्जींनी कधीच देऊन ठेवलंय. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार, फ्रान्सविरुद्ध १-१ च्या बरोबरीतला गोल त्यांचा. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या फायनलमध्येही त्यांचा गोल होता. पुढे ते कोच झाले, आणि ड्रेसिंग रूममधल्या त्यांच्या बोलण्याला कोलकात्यात ‘व्होकल टॉनिक’ असं नावच पडलं. फॉरवर्डची खरी अडचण या बोलण्याचीच असते. गोल कसा मारायचा हे आपल्या पायांना कळतं, तोंडाला सांगता येत नाही. “गोलसमोरच्या बॉक्समध्ये वेळेवर पोच” असं ओरडून पोरगं पोचत नाही. वेळ म्हणजे नेमकी कोणती, ते सांगावं लागतं. विंगरने, म्हणजे कडेने खेळणाऱ्याने, क्रॉस मारायला, म्हणजे गोलसमोर बॉल टाकायला, मान खाली घातली की धाव सुरू. तोवर स्टॉपरच्या, म्हणजे बचावाच्या मधल्या खेळाडूच्या, पाठीमागच्या खांद्याजवळ उभं राहायचं, त्याला बॉल आणि तू एका नजरेत दिसता कामा नये. तू हे सगळं वर्षानुवर्षं केलंयस. आता वहीत लिहून काढ, एकेका वाक्यात.

आणि स्टॉपरच्या जागी उभा राहून खेळ बघ. जकार्ताच्या त्याच फायनलमध्ये दुसरा गोल जर्नेलसिंगचा होता. मूळचा स्टॉपर, डोक्याला जखम असताना त्याला पुढे खेळवलं होतं. बचाव करणाऱ्याला कुठे बोचतं हे त्याला आतून माहीत होतं, असं मला नेहमी वाटतं. तुझ्या संघात फॉरवर्ड दोन-तीनच असतील. बाकीच्यांना तुझ्याकडून काय मिळणार, याचा विचार पहिल्या दिवसापासून हवा.

नाशिकचं म्हणशील, तर आपल्याकडे दमाची पोरं आहेत. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून शिकायला आलेली मुलं चढउतारावर वाढलेली असतात. धावपटू कविता राऊत याच पट्ट्यातली. पण यातल्या बऱ्याच मुलांच्या पायाला लहानपणी बॉल लागलेलाच नसतो. अठराव्या वर्षी फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्या स्पर्शात ताब्यात घेणं, शिकवायला चिकाटी लागते, आणि ते शिकवताना मला जो आनंद होतो तो स्वतःच्या गोलांनीही कधी दिला नाही. त्यांना पळायला लावून वेळ घालवू नकोस. प्रत्येकाच्या पायात बॉल दे.

क्लबसारखा लांबलचक सीझन मात्र विसर. आंतरमहाविद्यालयीन सामने बाद फेरीचे. एक हरलात की संघ घरी. चांगले खेळाडू नाशिक विभागाकडून पुणे विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेत आणि तिथून विद्यापीठाच्या संघात जातात. पुढे पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा. वयाची अट २५, त्यामुळे तयार झालेला पोरगा दोन-तीन वर्षांत हातातून जाणारच.

आता पोटापाण्याचं. मानधनावर आयुष्य निघत नाही. एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स लगेच कर, मग सी. पण लायसन्सने कॉलेजात कायम नोकरी मिळत नाही. क्रीडा संचालकाच्या पदाला एम.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर पदवीला, ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. शिवाय शारीरिक चाचणी, १२ मिनिटांच्या धावण्याची. एम.पी.एड.च्या आधीच्या बी.पी.एड.च्या सीईटीलाही मैदानी चाचणी असते. म्हणजे गुडघा अजून सांभाळायचाच आहे, फिजिओ सोडू नकोस. बी.पी.एड. दोन वर्षं, एम.पी.एड. दोन वर्षं. ग्रॅज्युएशन झालं असेल तर येत्या सीईटीचाच फॉर्म भर. राहिलं असेल तर आधी ते पूर्ण कर. दोन सीझन बेंचवर बसण्यापेक्षा ही वर्षं कितीतरी कामाची.

कॉलेजशी बोलायला जाशील तेव्हा मानधनाच्या आधी चार गोष्टी विचार : बॉल किती मिळणार, मैदान कोणत्या वेळेला आपलं, क्रिकेटची मॅच असेल त्या दिवशी आम्ही कुठे जायचं, आणि बाहेरगावच्या सामन्याला मुलांचं भाडं-जेवण कोण देणार. उत्तरं लेखी घे.