नागपूरचा कडाका आणि पृथ्वीची तापमानवाढ

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जागतिक तापमानवाढीविषयी मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. मात्र २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे आमच्या नागपुरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले आणि तो शहराचा आजवरचा नीचांक ठरला. काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत त्या आठवड्यात रात्रभर शेकोट्या पेटत होत्या. पृथ्वी खरोखर तापत असेल, तर थंडीचा जुना विक्रम नेमका याच काळात कसा मोडला? शिवाय, उत्तर ध्रुव तापल्यामुळेच इकडे थंडी वाढते, असेही कोणी सांगतात. ते खरे आहे काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण तारीख आणि आकडा देऊन प्रश्न विचारला आहे, म्हणून उत्तराची सुरुवातही त्याच रात्रीपासून करणे योग्य ठरेल.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फवृष्टी करून पूर्वेकडे सरकले, की त्यांच्या मागोमाग उत्तरेची कोरडी आणि गार हवा मध्य भारतात उतरते. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असल्यामुळे या हवेत बाष्प फारसे मिसळत नाही. आकाश निरभ्र असेल आणि वाराही पडलेला असेल, तर जमिनीने दिवसभर घेतलेली उष्णता रात्री वेगाने निघून जाते. ढग किंवा बाष्प असते तर त्यांनी ती काही प्रमाणात तरी अडवली असती. आपल्या बागेतला गारठा असा तयार होतो. म्हणजे ३.५ हा आकडा त्या रात्री हवा कोणत्या दिशेने आली आणि आकाश किती मोकळे होते, हे सांगतो. पृथ्वीवर एकूण किती उष्णता साठली आहे, हे त्यावरून कळत नाही, कारण वाऱ्याने गार हवा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेली तरी त्या एकूण साठ्यात काही घट होत नाही.

ज्या २०१८ च्या अखेरीस नागपूर गारठले, ते वर्ष सबंध पृथ्वीचा विचार करता तोवरच्या नोंदींतील चौथ्या क्रमांकाचे उष्ण वर्ष होते. पुढच्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये, अमेरिकेतील शिकागो शहरात पारा उणे ३० अंशांपर्यंत घसरला आणि तेथेही पुष्कळांनी आपल्यासारखाच प्रश्न विचारला. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्या नोंदींतील सर्वांत उष्ण महिना अनुभवला. संपूर्ण खंडाचे मासिक सरासरी तापमान प्रथमच ३० अंशांच्या वर गेले. भारताने पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही व्यापलेला नाही, मग एका शहराची गोष्ट तर सोडूनच द्यावी. आपल्या अंगणातल्या थंडीवरून पृथ्वीविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह मला समजू शकतो, कारण अंगाला लागलेली थंडी खरीच असते आणि सरासरी कोणाच्याही अंगाला लागत नाही.

आता विक्रमाविषयी. सरासरी एक-दीड अंशाने वर सरकली म्हणजे रोजचे चढउतार थांबले, असे होत नाही. नागपुरात डिसेंबरच्या एकाच आठवड्यात किमान तापमान पाच-सहा अंशांनी खालीवर होऊ शकते, आणि दीड अंशाच्या वाढीपुढे ही उडी बरीच मोठी आहे. त्यामुळे तापत्या जगातही एखादी रात्र जुना नीचांक मोडू शकते; फक्त असे घडण्याची शक्यता कमी होत जाते. म्हणूनच एकेका विक्रमाकडे न पाहता त्यांची मोजदाद करावी लागते. हवामान स्थिर असेल, तर दीर्घ काळात उष्णतेचे आणि थंडीचे नवे विक्रम साधारण सारख्याच संख्येने व्हायला हवेत. अमेरिकेतील संशोधकांनी २००९ मध्ये त्यांच्या देशातील दैनंदिन नोंदींची अशी मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा १९५० च्या दशकात ही दोन्ही पारडी जवळपास समान होती, तर २००० नंतरच्या दशकात थंडीच्या एका विक्रमामागे उष्णतेचे सुमारे दोन विक्रम होत असल्याचे दिसले. थंडीचे विक्रम त्या दशकातही होत होते, पण तराजू झुकला होता.

हाच नियम उष्णतेच्या नोंदींनाही लावला पाहिजे, असा माझा आग्रह आहे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि ती बातमी देशभर पसरली. शहरातील अन्य केंद्रांवर तेव्हा पारा ४४ अंशांच्या आसपास होता, आणि हवामान खात्याने संवेदकात बिघाड असल्याचे स्पष्ट केले. त्या आकड्यावरून तापमानवाढ सिद्ध झाली, असे मानणारे लोक ३.५ अंशांवरून ती खोडून काढणाऱ्यांइतकेच चुकत होते.

एकूण उष्णता वाढते आहे, हे आपण मग कशावरून म्हणतो? अतिरिक्त उष्णतेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्रांनी शोषून घेतला आहे, आणि शहरे वाढल्यामुळे तापमापक फसतात हा आक्षेप तेथे लागू पडत नाही. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०२४ मध्ये पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे दीड अंशाने अधिक होते. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि २०२४ हे १९०१ पासूनचे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ‘पारा सरासरीच्या खाली’ असे आपण वाचतो, तेव्हा ती सरासरी अलीकडच्या तीस वर्षांची, सध्या बहुधा १९९१ ते २०२० या काळाची असते. हा काळ स्वतःच तापलेला आहे. आज सरासरीपेक्षा किंचित थंड वाटणारा हिवाळा आपल्या आजोबांच्या काळात अगदी नेहमीचा मानला गेला असता.

ध्रुवाबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. १९७९ पासून उत्तर ध्रुवीय प्रदेश उर्वरित जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. त्यामुळे वरच्या थरातील वेगवान वाऱ्यांचा पट्टा अधिक नागमोडी होऊन ध्रुवीय हवा दक्षिणेकडे घसरते, असे काही शास्त्रज्ञ मांडतात. इतरांना त्याचे पुरावे पुरेसे वाटत नाहीत. नागपूरच्या थंडीसाठी मात्र पश्चिमी झंझावातामागून येणारे उत्तरेचे वारे आणि निरभ्र आकाश एवढे कारण पुरते, त्यासाठी ध्रुवापर्यंत जाण्याची गरज नाही.

आपण बागायतदार आहात, म्हणून एक विनंती करतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत संत्र्याचे झाड विसावते आणि त्यानंतर अंबिया बहार फुटतो, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. थंडीच्या एका रात्रीची नोंद आपण जपून ठेवली आहे; तशीच दरवर्षी किती रात्री पारा दहा अंशांच्या खाली गेला आणि बहार केव्हा फुटला, याचीही नोंद वहीत ठेवावी. दहा-वीस वर्षांची अशी वही जमली, तर आपल्या बागेपुरते उत्तर त्या वहीतच सापडू लागेल.