डब्यावरच्या ‘एलएचआर’चं काय करायचं?

प्रश्न : गेमिंगसाठी वापरलेलं आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे. डब्यावर ‘एलएचआर’ छापलंय. विकणारा म्हणतो, हे मायनिंगसाठी (म्हणजे कार्डाला आकडेमोडीला जुंपून क्रिप्टोचलन कमावण्यासाठी) बंद केलेलं कार्ड आहे, त्यामुळे त्यावर मायनिंग झालेलंच नाही. मित्र म्हणतो, एलएचआर म्हणजे अर्ध्या ताकदीचं कार्ड. कुणाचं ऐकू?

उत्तर : कुणाचंच नको. एलएचआर म्हणजे ‘लाइट हॅशरेट’; हॅशरेट म्हणजे मायनिंगचा वेग. इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग चालू झालंय असं ओळखू आलं की तेवढ्यापुरता कार्डाचा वेग साधारण निम्मा करायचा, एवढंच ते कुलूप. गेम चालवताना ते मधे येत नाही. मित्राची शंका इथे संपली.

आता विकणारा. फेब्रुवारी २०२१ मध्ये या कार्डांची कंपनी एनव्हिडियाने आधी ३०६० या भावंड कार्डाला हे कुलूप घातलं आणि मे महिन्यात तुमच्या कार्डासकट इतरांना. पण मधल्या मार्चमध्ये कुंपणानेच शेत खाल्लं! कंपनीच्याच एका बीटा ड्रायव्हरमधून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीतून) ३०६० चं कुलूप चुकून उघडलं गेलं. पुढे मायनरांनी सॉफ्टवेअरने वाट काढत काढत मे २०२२ पर्यंत बहुतेक एलएचआर कार्डांचा वेग पूर्ववत केला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनेच मायनिंग बंद केलं आणि ऑक्टोबरच्या ड्रायव्हरमध्ये कंपनीने कुलूप काढून टाकलं. थोडक्यात, ‘एलएचआर आहे म्हणजे मायनिंग झालं नाही’ याला काही अर्थ नाही.

(त्याच काळात मायनरांसाठी ‘सीएमपी’ नावाची वेगळी कार्डं काढली होती, मॉनिटर जोडायची सोयच नसलेली. म्हणजे मायनरचं काम झाल्यावर ती गेमरच्या उपयोगाची नाहीत. याचा मला अजून राग आहे.)

मायनिंग झालेलं प्रत्येक कार्ड वाईट असतं असंही नाही. इथेरियमच्या मायनिंगमध्ये मेमरीत काही जीबीची फाइल भरून ती अहोरात्र उलटसुलट वाचली जाते. त्यामुळे झीज बघायची ती मेमरीच्या आसपास आणि पंख्यात. माझ्या टेबलावर आलेलं असंच एक कार्ड बाहेरून चकचकीत होतं. उघडलं तर थर्मल पॅडमधलं (चिपांची उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीतलं) तेल पाझरून मेमरीच्या चिपांभोवती चिकट पसरलेलं, आणि एक पंखा फिरताना खर्र खर्र करत होता. पॅड आणि पंखा बदलले, कार्ड अजून ठणठणीत चालतंय.

तुम्ही एवढं करा. कार्ड बंद असताना पंख्याचं पातं बोटाने हलकेच हलवा. डुगडुगलं तर पंखा बदलायचा खर्च धरून भाव करा. मग एखादा जड गेम अर्धा तास चालवायला सांगा. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकडे दिसले तर मेमरी गेली असण्याची शक्यता बरीच, तिथे भाव करत बसू नका. आणि चालवून दाखवायलाच विकणारा कां कू करत असेल, तर डब्यावर काहीही छापलेलं असो, कार्ड त्याच्याकडेच राहू द्या.