शिराझ धरताय? मग घड काढायला शिका

दादा, दिंडोरीकडे घरच्या वाईनसाठी शिराझ, म्हणजे लाल वाईनचं द्राक्ष, लावताय, तर खाण्याच्या द्राक्षाच्या सवयी आधी सोडा. मणी फुगवायला घड जीएत (जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात) बुडवणं नको. मणी लहानच हवा, रंग आणि टॅनिन (वाईनचा तुरटपणा) सालीत असतं. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला एकच घड राखा. मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ होऊन रंग धरताना, मागे राहिलेले हिरवे घड बिनदिक्कत खाली टाका. घरातले ओरडतील, ओरडू द्या. एकरी ३-४ टनांवर थांबा. खुडा नुसत्या ब्रिक्सवर (रसातल्या साखरेच्या मापावर) ठरवू नका. २४ आलं तरी बी चावून बघा, हिरवट लागली तर थांबा. खुडा पहाटेच उरका. रस आंबताना टाकीत वर येणारा सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबा. आणि हो, उत्पादन शुल्काचा परवाना टाकी घेण्याआधी!