जीपचे जुने यू-बोल्ट परत कसू नका

भाऊ, तुम्ही विचारलं: कापूस वाहायला जीपच्या मागच्या कमानीत (पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) दोन पट्टे वाढवले, जुने यू-बोल्ट, म्हणजे कमान ॲक्सलच्या हाऊसिंगला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट, कसेबसे पुरले, नट आटीच्या तोंडाशी येऊन थांबला आणि मिस्त्री म्हणतो चालते. नाही चालत. मी हे एकदा चालवून पाहिलं आहे.

आमच्या यवतमाळकडची काळी माती तुम्हाला सांगायला नको. ऐन पावसात पांदणीत जीप रुतली, फोर-बाय-फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून काढत होतो तर मागून खट्ट असा आवाज आला. बाहेर निघाली, पण गाडी तिरपी चालायला लागली. खाली वाकून पाहतो तर डावीकडचा सेंटर बोल्ट कातरलेला आणि हाऊसिंग दोन बोटं मागे सरकलेलं. मी नवा सेंटर बोल्ट टाकून मोकळा झालो. पंधरा दिवसांत तोही गेला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

सेंटर बोल्टचं काम पट्टे एका रेषेत ठेवायचं आणि हाऊसिंगवर जागा दाखवायचं. धरून ठेवतो तो यू-बोल्टचा दाब. कसताना यू-बोल्ट रबरासारखा, पण अगदी किंचित ताणला जातो आणि त्या ताणातून दाब येतो. एकदा पुरता ताणलेल्या, आटी गंजलेल्या बोल्टवर पाना घट्ट लागतो खरा, पण तो गंजाला अडलेला असतो, दाब आलेलाच नसतो. मग कमान मधोमध हलते आणि पट्टा नेमका सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो. म्हणून बोल्ट नवे, नट नवे, खाली जाड चपटे वॉशर, आणि त्या बाजूचे दोन्ही एकदम. माझं विचाराल तर मागचे चारही.

माप नव्या पॅकवरच, म्हणजे वाढवलेल्या पट्ट्यांच्या थप्पीवरच घ्या. पट्टा ७ मिमीचा असेल तर दोन पट्ट्यांनी पॅक १४ मिमी वाढला, तेवढा यू-बोल्टचा पाय लांब हवा. कसल्यावर नटाबाहेर दोन-तीन आट्या दिसल्या की पुरे. उगाच लांब घेतले तर खाली लोंबून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), दगडावर आपटतात. बोल्टची जाडी मूळ गाडीचीच ठेवा, तो ज्या प्लेटमधून जातो तिची भोकं मोठी करू नका. वाकही बघा: गोल हाऊसिंगवर बसणारा गोल, सपाट पट्ट्यावर बसणारा चौकोनी. गोल वाकाचा ठोकून चौकोनी केलेला घेऊ नका. साधा सळईचा तुकडा भट्टीत लाल करून वाकवून देणारेही भेटतात, माझा पहिला तसलाच होता. मजबुतीच्या ८.८ किंवा त्यावरच्या ग्रेडचा घ्या, आणि वेल्डिंग तर अजिबात नाही.

बसवताना गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. कमान जिथे टेकते त्या बैठकीवरचा चिखल, गंज, जुना रंग खरडून काढा. सेंटर बोल्टचं डोकं भोकात बसलं का ते बोटाने चाचपा. त्या बाजूचे चारही नट हाताने फिरवून आट्या सारख्या बाहेर ठेवा. मग गाडी चाकांवर उतरवा, कमानीवर वजन येऊ द्या आणि शेवटचं कसणं तेव्हा करा. समोरासमोरचे तिरपे, तीन-चार फेऱ्यांत, टॉर्क पान्याने (कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने). आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच, इम्पॅक्ट गनचा अंदाज नको.

नवं लोखंड बसायला वेळ घेतं. पहिल्या ८०-१०० किलोमीटरला परत पाना लावा, ५००ला आणखी एकदा. हे बहुतेक जण विसरतात, मीही विसरलो होतो. नंतर अधूनमधून कमानीच्या बैठकीशी पाहा: पट्ट्याच्या कडेला लालसर भुकटी किंवा घासून चकाकलेली रेघ दिसली तर तिथे काहीतरी हलतंय. कापसाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आधी मी हे दरवर्षी पाहतो.

जुना बोल्ट नमुना म्हणून न्या, पण लांबी त्याच्यावरून मोजू नका. तो ताणलेला असतो, आणि तुमचा तर आधीच अपुरा आहे.