कॉलेजच्या २००० विद्यार्थ्यांपैकी १८० जणांनीच ग्रंथालयाबद्दलचा फॉर्म भरला, तर निष्कर्ष विश्वासार्ह धरायचा का?

अहवालात '८२ टक्के विद्यार्थी ग्रंथालयावर समाधानी' असं लिहू नका. 'उत्तर दिलेल्या १८० पैकी १४८ समाधानी' एवढंच आत्ता खरं आहे.

१८० हा आकडा तसा लहान नाही. पटावरून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १८० जणांनी उत्तरं दिली असती, तर शंभरात ९५ वेळा चूक ५-६ टक्क्यांच्या आतच राहिली असती. पण तुम्ही लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि ज्याला वाटलं त्यानं फॉर्म भरला. उरलेल्या १८२० जणांत ६० टक्केच समाधानी असतील, तर कॉलेजचा आकडा थेट ६२ वर येतो. आणि ही शंका रास्त आहे, कारण जो ग्रंथालयाची पायरीच चढत नाही, तो हा फॉर्म कशाला भरेल?

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात कॉलेजांना १० टक्के किंवा १०० यांतला लहान आकडा चालत असे, असा दाखला कुणी देईल. ती किमान अट होती, विश्वासार्हतेची हमी नव्हे.

आधी उत्तरं पटाशी ताडून पाहा: वर्ष, शाखा, मुलं-मुली, वसतिगृहातले आणि ये-जा करणारे. शेवटच्या वर्षाचे पटावर ३० टक्के आणि उत्तरांत १० टक्के असतील, तर त्यांच्या प्रत्येक उत्तराला ३ आणि इतरांच्या उत्तराला ०.७८ भार द्या, म्हणजे बेरजेत ते उत्तर एकाऐवजी तेवढं मोजा. यात एक गोष्ट गृहीत धरावी लागते: त्या वर्गातले गप्प राहिलेले बोललेल्यांसारखेच आहेत. ते तपासायला पटावरून ४५ जण चिठ्ठीनं काढा, प्रत्यक्ष गाठा, 'फॉर्म भरला होता का?' आणि 'ग्रंथालयावर समाधानी आहात का?' एवढंच विचारा. त्यांत साधारण ४१ जण न भरलेलेच निघतील. मला हीच पायरी सगळ्यात मोलाची वाटते आणि नेमकी तीच टाळली जाते.

पुढच्या वेळी पटावरून २०० जण निवडा आणि तीनदा आठवण करा. त्यातून आलेली १४० उत्तरं खुल्या लिंकवरच्या पाचशेंपेक्षा भरवशाची. वर्गात सरांसमोर फॉर्म भरून घेऊ नका. गैरहजर सुटतात आणि हजर असलेले बिचकून लिहितात.

गूगल फॉर्म सुरुवातीची वेळ नोंदवत नाही, त्यामुळे घाईनं भरलेले वेळेवरून ओळखता येत नाहीत. म्हणून एक प्रश्न उलटा ठेवा: 'हवं ते पुस्तक बहुधा मिळत नाही.' यालाही आणि 'पुस्तकं सहज मिळतात' यालाही 'पूर्ण सहमत' असेल, तर ते उत्तर बाजूला काढा आणि अशी किती काढली ते अहवालात लिहा.