बिनसमुद्राच्या मराठवाड्यातला किनारा

तुम्ही विचारलंय, छत्रपती संभाजीनगरहून एका दिवसात जाऊन येता येईल असा पाण्याचा शांत, गर्दी नसलेला काठ कुठे आहे. माझं उत्तर एकच, नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. पैठणला येणारे बहुतेक जण नाथांच्या समाधीचं दर्शन घेतात, जायकवाडीचे 27 दरवाजे बघतात, जमलं तर पैठणी घेतात आणि परततात. धरणामागचा एवढा मोठा काठ तसाच राहतो, याची मला खरंच हळहळ वाटते.

भरल्यावर हा जलाशय सुमारे 55 किलोमीटर लांब पसरतो, पण बराचसा उथळ आहे. त्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी काठ लांबवर सरकतो. पावसाळ्यानंतर जिथे लाटा लागत होत्या, तिथे पुढे गाळपेराची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली, हिरवी पिकं डोलतात. मोबाइलच्या नकाशावरची रेघ धरून जाऊ नका, गावात विचारा. कडक उन्हाळ्यात बुडालेल्या गावांचे जुने दगडही उघडे पडतात. ज्यांची घरं तिथे होती, त्यांची आठवण ठेवूनच तिथे फिरावं.

जायचं ते डिसेंबर ते फेब्रुवारीत, पहाटे. हे 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. सोनेवाडी, पिंपळवाडीच्या बाजूला दुर्बीण घेऊन गुपचूप बसा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. चक्रवाक जोडीनं दिसतात. आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आला असेल तर घाई करूच नका. मान खाली घालून तो चोच चक्क उलटी धरतो, पायानं गाळ ढवळतो आणि त्या गढूळ पाण्यातून बारीक जीव गाळून खातो. समोर चप्पूवर, म्हणजे छोट्या तराफ्यावर, बसलेले भोई जाळी ओढत असतात. काठावर वाळत घातलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नका.

दुपारनंतर वेळ उरला तर कायगाव टोक्याला जा. गोदावरी-प्रवरेचा संगम आहे, आणि पलीकडे टोक्याला, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात, सिद्धेश्वराचं दगडी देऊळ. त्यावरचं कोरीवकाम निवांत बघावं असं आहे.

पोहायला मात्र अजिबात उतरू नका. वरून टणक दिसणाऱ्या गाळात पाय रुततो. पाणी आणि खाणं सोबत ठेवा, काठावर टपरीसुद्धा मिळेलच असं नाही.