फेरीवाला, पथारीवाला आणि पथविक्रेता

पुण्यातील जुन्या काळच्या दारोदार विक्रीवर लेख लिहिताना ‘फेरीवाला’, ‘पथारीवाला’ आणि ‘पथविक्रेता’ यांपैकी कोणता शब्द वापरावा, की तिन्ही समानार्थी मानावेत, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते ते समानार्थी मानू नयेत.

‘फेरीवाला’ या शब्दाच्या पोटात फिरणे आहे. प्रभातफेरीतली किंवा माधुकरीच्या फेरीतली फेरी तीच. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर भाजीची पाटी घेऊन आळीआळीतून हाळी देत जाणारी बाई ही खऱ्या अर्थाने फेरीवाली होय. पथारी म्हणजे अंथरूण. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून त्यावर माल मांडतो तो पथारीवाला, आणि त्याच्याकडे गिऱ्हाईक चालत येते. पुण्यात हा शब्द चांगलाच रुळलेला आहे. १८८६ मध्ये मंडईची इमारत झाली, त्याआधी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भाजीबाजार भरत असे. तिथे भाजी मांडून बसणाऱ्यांना ‘फेरीवाले’ म्हणणे मला पटत नाही. मुंबईकडे बसून विकणाऱ्यांनाही सर्रास ‘फेरीवाले’ म्हणतात. रूढ झालेल्या वापराला चूक म्हणता येणार नाही, पण इतिहासाच्या लेखनात त्याने घोटाळा होतो.

‘पथविक्रेता’ हा कायद्याचा शब्द आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाच्या व्याख्येत फिरते आणि बसून विकणारे दोन्ही येतात, इतकेच नव्हे तर त्या-त्या प्रदेशातील समानार्थी शब्दही तिने सामावून घेतले आहेत. आजच्या परवान्यांविषयी लिहिताना तो अवश्य वापरावा. पेशवाईतल्या पेठेत तो परका वाटतो.

मुळात दारावर येणाऱ्या बहुतेकांना लोक त्यांच्या कामाच्या नावानेच ओळखत, आणि ती नावे शक्य तिथे जपावीत असे मला मनापासून वाटते. कासार बांगड्या ‘भरतो’, आणि बायका त्या ‘भरून घेतात’. हात दाबून, अंगठ्याचा सांधा आत वळवून बांगडी मनगटावर चढवण्याचे कसब त्या क्रियापदात आहे, जे ‘बांगडी विक्रेता’ या शब्दांत येत नाही. बोहारणीचा व्यवहार तर विक्रीच्या व्याख्येत नीट बसतही नाही, कारण ती जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडे देते. साडी उजेडात धरून विरलेला भाग शोधायचा, जरीचा काठ बोटांनी चाचपायचा, आणि पातेले पुढे करण्याआधी ‘आणखी एक धोतर टाका’ म्हणून अडून बसायचे, ही घासाघीस पैशाविना चालते. कल्हईवाला मालही विकत नाही. तो भाता, कथील आणि नवसागर घेऊन येतो आणि मजुरी घेतो. तेव्हा लेखात ‘फेरीवाला’ हा शब्द जिन्नस डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन रोखीने विकत फिरणाऱ्यांपुरता ठेवावा, आणि कासार, बोहारीण व कल्हईवाला यांना त्यांच्याच नावांनी लिहावे.